काचेवरचं धुकं आतून आलं तर

मी पिंपळवंडीहून बोलते आहे. आजचा विषय ऐकून तुम्ही हसाल. आज मी गाडीच्या हीटरबद्दल बोलणार आहे.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे गाडीचा हीटर लावतं कोण? जुन्नरची थंडी शेकोटीनं आणि गोधडीनं भागते. खरं आहे. आमच्या घरच्या जुन्या कारमध्ये हीटरचं बटण आहे, हे मला तरी कुठं माहीत होतं? पण कधीही न वापरलेल्या त्या हीटरनं आम्हाला एका पहाटे माळशेज घाटाच्या अलीकडं अडकवलं. पुढं तो आम्हीच घरी दुरुस्त केला. त्यातही एक चूक केली आणि ती महागात पडली. म्हणून आज सगळं क्रमानं सांगते.

मुंबईच्या प्रदर्शनात आमच्या गटाचे पापड आणि शेवया मांडायच्या होत्या. पहाटे तीनला आळेफाट्यावरून निघालो. भाऊजी गाडी चालवत होते, शेजारी जाऊबाई, मागं मी आणि पिशव्यांचा ढीग. ओतूर गेलं, मढ गेलं. समोरची काच धुरकट व्हायला लागली. घाटाकडं धुकं असतंच, म्हणून आधी कुणी मनावर घेतलं नाही. पण हे धुकं आतून होतं. जाऊबाईंनी पदरानं काच पुसली, तर ती साफ व्हायच्या ऐवजी तेलकट झाली. दोन मिनिटांत पुन्हा तेच. गाडीत काकवीसारखा गोडसर वास सुटला होता. मला वाटलं, कुणाच्या तरी डब्यातलं काही सांडलं. मग जाऊबाई म्हणाल्या, "माझ्या पायाखालची चटई ओली कशी?" भाऊजी म्हणाले, "पाण्याची बाटली लवंडली असेल."

खुबी फाट्यापाशी पोचेपर्यंत इंजिनच्या गरमीचा काटा वर गेला होता. भाऊजींनी गाडी कडेला घेतली, हे त्यांनी फार चांगलं केलं. समोर घाट, काचेतून दिसत नाही आणि इंजिनात पाणी नाही. त्या दिवशी पुढं गेलो असतो तर काय झालं असतं, ते मी बोलत नाही.

हीटर म्हणजे काय?

इंजिन चालू झालं की तापतं. त्याला थंड ठेवायला पाणी फिरत असतं. ते तापलेलं पाणी पुढच्या रेडिएटरमध्ये जाऊन निवतं आणि परत येतं. एवढं बहुतेकींना माहीत असतं. पण त्यातलं थोडं गरम पाणी दोन रबरी नळ्यांमधून गाडीच्या आत, डॅशबोर्डच्या मागं जातं. तिथं पाटीएवढा एक छोटा रेडिएटर बसवलेला असतो. आपल्याकडचे मिस्त्री त्याला हीटर कॉइल म्हणतात, कुणी हीटर कोर म्हणतं. पंख्याची हवा त्या कॉइलमधून गेली की गरम होऊन आत येते. हीटरला वेगळी वीज किंवा वेगळं इंधन लागत नाही. चुलीवर भाकरी चालू असताना शेजारच्या वैलावर पाणी तापतं ना, तसाच हा प्रकार.

बऱ्याच गाड्यांत हीटर बंद असला तरी पाणी त्या कॉइलमधून फिरतच असतं. म्हणून वापरा किंवा वापरू नका, कॉइल झिजतेच. आणि ती फुटली की इंजिनचं पाणी गाडीच्या आत सांडतं. बाहेर जमिनीवर थेंबही दिसत नाही. गाडी पाणी खाते, पण ते कुठं जातं ते कळत नाही.

कॉइल फुटते कशानं? आमच्या बाबतीत बोअरच्या पाण्यानं. पाणी तापवायच्या बंबात क्षारांचा पांढरा थर बसतो तो तुम्ही पाहिला असेल. तसाच थर कॉइलच्या बारीक नळ्यांत बसतो आणि धातू आतून गंजतो. आम्ही कित्येक महिने बादलीनं बोअरचं पाणी ओतत होतो. "आपल्याकडं बर्फ थोडाच पडतो, कूलंट कशाला हवा?" असं म्हणायचो. पण कूलंट फक्त बर्फासाठी नसतो. त्यानं गंज धरत नाही आणि पाणी उशिरा उकळतं. त्या दिवाळीला भाऊजींनी कूलंट आणून भरला, पण तोवर कॉइल आतून सडली होती.

ओळखायचं कसं?

खुणा चार आहेत. पुढच्या डाव्या सीटखालची चटई ओली. गाडीत गोडसर वास. काचेवर आतून तेलकट धूर. आणि पाणी वारंवार कमी होणं. यातल्या दोन जमल्या तरी हीटर कॉइलवर संशय घ्या.

मात्र एसीचं पाणीही आत झिरपतं आणि पावसाचंही येतं. मग फरक कसा कळणार? ओल्या चटईवर पांढरा कागद दाबा. एसीचं किंवा पावसाचं पाणी बिनरंगी असतं, त्याला वास नसतो. कूलंटला हिरवा, लाल किंवा निळा रंग असतो आणि तो बोटाला बुळबुळीत लागतो. चव घेऊन पाहायची नाही. का ते पुढं सांगते. हात लगेच साबणानं धुवा.

कॉइल फुटली नसेल, नुसती तुंबली असेल, तर हीटर गरम हवा देत नाही. इंजिन तापल्यावर आत जाणाऱ्या दोन्ही नळ्यांना जपून हात लावून बघा. हीटर पूर्ण गरमवर असताना एक नळी गरम आणि दुसरी गार लागली, तर आत अडथळा आहे. तेव्हा आधी पाण्यानं कॉइल धुऊन बघावी, लगेच बदलायची गरज नाही.

वाटेत असं झालं तर

गाडी थांबवा, इंजिन बंद करा आणि अर्धा-पाऊण तास काहीही करू नका. रेडिएटरचं झाकण आणि आपल्या कुकरचं झाकण या मावसबहिणी आहेत. दोन्हींच्या आत जवळजवळ सारखाच दाब असतो. वाफ कोंडलेला कुकर आपण उघडतो का? मग तापलेल्या रेडिएटरचं झाकणही उघडायचं नाही. उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. गार झाल्यावर जाड कापड धरून हळू उघडा, मग पाणी घाला.

आम्ही उजाडेपर्यंत थांबलो, पाणी भरलं आणि सावकाश ओतूरला परतलो. तिथल्या मिस्त्रीनं आत जाणाऱ्या दोन्ही नळ्या काढल्या आणि एकमेकींना जोडून टाकल्या. म्हणजे पाणी कॉइलकडं जातच नाही, बाहेरच्या बाहेर फिरतं. दहा मिनिटांचं काम. हीटर चालत नाही, पण गाडी चालते. आम्ही दुपारी मुंबईला पोचलो. उन्हाळाभर असं चालवलं तरी बिघडत नाही.

ही जोडणी स्वतः करायची वेळ आली तर एक लक्षात ठेवा. आपल्याकडं शेतात ठिबकचे जॉइनर पडलेले असतात, ते इथं लावू नका. उकळत्या पाण्यानं ते प्लॅस्टिक मऊ पडतं आणि नळी सुटते. त्याच मापाचा धातूच्या पाईपचा तुकडा घ्या आणि दोन्ही बाजूंना क्लिपा आवळा. दुसरं म्हणजे हळद. रेडिएटर गळाला की हळद टाकायची, असं जुने ड्रायव्हर सांगतात. गळती घटकाभर थांबते हे खरं, पण तोच चोथा पुढं बारीक नळ्यांत जाऊन बसतो. हळद डाळीत घालावी.

घरी बदलताना

हीटर कॉइल स्वस्त असते, पण तिच्यापर्यंत पोचायला डॅशबोर्ड काढावा लागतो. म्हणून मजुरीच कॉइलच्या कितीतरी पट होते. आम्हाला तोच आकडा परवडेना. माझा भाचा आयटीआयला मोटार मेकॅनिकचं शिकलेला. तो म्हणाला, "आत्या, हे ताकदीचं काम नाही, चिकाटीचं आहे. तुम्ही दोघी असाल तर दोन दिवसांत होईल." आणि झालं.

आधी सांगते की घरी कधी करायचं नाही. स्टिअरिंगवर किंवा डॅशबोर्डवर एअरबॅगची खूण असेल तर डॅशबोर्डला हात लावू नका. एअरबॅग चुकून उडाली तर जिवावर बेतू शकतं. आणि हीटर काढताना एसीच्या गॅसच्या नळ्या सोडाव्या लागत असतील, तर ते कामही मिस्त्रीचंच. आमची गाडी जुनी, एअरबॅग नाही, एसीही नाही, म्हणून आम्ही हात घातला.

गाडी रात्रभर उभी करून पूर्ण गार होऊ द्या. सकाळी आधी बॅटरीची उणे बाजूची वायर काढा. मग खालून रेडिएटरचा कॉक उघडून पाणी घमेल्यात घ्या. त्या घमेल्याचं काय करायचं ते शेवटी सांगते.

इंजिनच्या बाजूनं, मधल्या पत्र्यातून आत जाणाऱ्या दोन नळ्या दिसतील. कुठली वर आणि कुठली खाली, त्यावर खूण करा. क्लिप सैल करून नळी आधी पिळा, मग ओढा. चिकटून बसली असेल तर जोर लावू नका, ब्लेडनं उभी चिरा. नळ्या नवीनच टाकायच्या असतात.

आता आतलं काम. प्रत्येक पायरीला मोबाईलवर फोटो काढा. लावताना तोच फोटो आपला मिस्त्री. स्क्रूंसाठी मी घरातला जुना मिसळणाचा डबा घेतला. एका वाटीत डाव्या कप्प्याचे स्क्रू, दुसरीत मधले, तिसरीत स्टिअरिंगखालचे. प्रत्येक वाटीत कागदाची चिठ्ठी. भाचा म्हणाला, गॅरेजमध्ये एवढी शिस्त नसते. वायरीचा सॉकेट काढताना वायर ओढू नका, त्याची जिभली दाबून काढा. हीटरच्या बटणाला बारीक तारा असतात, त्या कुठं अडकवल्या होत्या त्याचा फोटो आठवणीनं घ्या.

काही गाड्यांत कप्पा काढला की बाजूनं हीटरची पेटी निघते, काहींत सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. पेटी काढताना खाली जुनी गोधडी अंथरा आणि कॉइलच्या नळ्यांची तोंडं वर धरा, नाहीतर आत राहिलेलं पाणी सांडतं. आमच्या पेटीत काय निघालं सांगू? वाळलेला पाला, मूठभर धूळ आणि उंदराचं घरटं. ती हवा आम्ही इतकी वर्षं घेत होतो.

कॉइल फुटली आहे याची खात्री पंक्चरवाला करतो तशी करा. एक तोंड बुचानं बंद करा, दुसऱ्यातून सायकलच्या पंपानं अगदी हलकी हवा भरा आणि कॉइल पाण्याच्या टपात बुडवा. बुडबुडे आले की जागा सापडली. नवी कॉइलही बसवण्याआधी अशीच तपासा. आणि जुनी-नवी शेजारी ठेवून उंची, रुंदी आणि नळ्यांची दिशा जुळवून घ्या. आमची पहिली कॉइल बोटभर मोठी निघाली, भाच्याला बदलून आणायला पुन्हा नारायणगावला जावं लागलं. म्हणून जुनी सोबत घेऊन जा.

कॉइलच्या कडेनं स्पंजाची पट्टी असते, ती नवी लावा. पट्टी नसली तर हवा बाजूनंच निसटते आणि हीटर नीट तापत नाही. पेटी बसवा, नव्या नळ्या लावा, नव्या क्लिपा आवळा.

आता सगळ्यात मोलाची गोष्ट. डॅशबोर्ड लावायची घाई करू नका. आधी बॅटरीची वायर लावून पाणी भरा, गाडी चालू करा आणि वीस मिनिटं बॅटरीच्या उजेडात जोडांकडं बघत बसा. कोरडा कागद फिरवून बघा. आमच्या एका जोडाला थेंब आलाच, क्लिप वाकडी बसली होती. डॅशबोर्ड लावून मग कळलं असतं तर पुन्हा दिवस गेला असता.

पाणी भरण्याची रीत

पाणी भरताना आत हवा अडकते. हवा अडकली की काटा भलतंच दाखवतो आणि इंजिन तापतं. म्हणून गाडीचं तोंड चढाला करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, झाकण उघडं ठेवून गार इंजिनात सावकाश भरा आणि मग गाडी चालू करा. बुडबुडे येत राहतील, पाणी खाली जाईल तसं भरत राहा. तोंड तिथून लांब ठेवा. वरची नळी गरम झाली, बुडबुडे थांबले आणि हीटरमधून गरम हवा आली, की झाकण लावा. दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनात पातळी पुन्हा बघा.

या वेळी बोअरचं पाणी नको. बॅटरीत घालतो ते शुद्ध पाणी आणि कूलंट, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात. काही कूलंट तयार मिसळलेलेच मिळतात, त्यात पाणी घालायचं नसतं. कूलंट किती वर्षांनी बदलायचा तेही बाटलीवर लिहिलेलं असतं.

त्या घमेल्याचं काय?

आता मी ज्यासाठी मुख्यतः बोलायला आले ते सांगते. काढलेलं पाणी आम्ही घमेल्यात गोठ्याच्या कडेला ठेवलं आणि जेवायला गेलो. आमचा मोती त्यातलं पाणी प्यायला. कूलंट चवीला गोड असतो, जनावर आवडीनं पितं. संध्याकाळी मोती दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खायला लागला, उलट्या केल्या. दुसऱ्या दिवशी जरा बरा वाटला, आम्ही निर्धास्त झालो. तीच चूक. हे विष आधी डोक्यात चढतं, मग उतरल्यासारखं वाटतं आणि तेवढ्यात किडन्या निकामी करतं. जनावरांचे डॉक्टर आले तोवर वेळ गेली होती. तिसऱ्या दिवशी मोती गेला.

आपला हा भाग बिबट्यांचा. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. रात्री ऊस हलला की पहिला भुंकायचा तो मोतीच. वस्तीवरचा कुत्रा गेला म्हणजे काय गेलं, ते वस्तीवर राहणाऱ्या बाईला सांगायला नको. आणि त्या अंगणात मोतीच्या जागी माझा नातू खेळत असता तर? हा विचार अजून माझी पाठ सोडत नाही.

म्हणून काढलेलं पाणी लगेच झाकणाच्या कॅनमध्ये भरा, वर मोठ्या अक्षरात ‘विष’ लिहा, उंचावर ठेवा आणि जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. ओढ्यात, विहिरीजवळ, उकिरड्यावर ओतू नका. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरू नका. सांडलेलं राख-मातीनं टिपून घ्या आणि जागा भरपूर पाण्यानं धुवा. ते घमेलं पुन्हा गोठ्यात वापरू नका. मुलानं चाटलं अशी नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट पाहू नका, घरगुती उपाय करू नका. कूलंटची बाटली सोबत घेऊन सरळ मोठ्या दवाखान्यात जा. वेळेत पोचलं तर यावर उपचार आहेत. जनावराचंही तसंच, पहिल्या तासातच डॉक्टरांना बोलवा.

जाता जाता एक गोष्ट सांगते. 1893 साली अमेरिकेत मार्गारेट विल्कॉक्स या बाईंनी रेल्वेचा डबा गरम ठेवण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. आणि 1903 साली मेरी अँडरसन या बाईंनी काच पुसायच्या वायपरचं. म्हणजे थंडीत ऊब देणं आणि समोरची काच साफ ठेवणं, या दोन्ही गोष्टींचा विचार बायकांनी आधीच करून ठेवला आहे. तेव्हा बॉनेट उघडलं की चार पावलं मागं सरायची आपली सवय आता सोडू या.

सगळ्यांनीच डॅशबोर्ड काढावा असं मी म्हणत नाही. पण गटाच्या मालाची ने-आण ज्या गाडीतून होते, तिचं पाणी दर सोमवारी सकाळी गार इंजिनात बघायचं काम गटातल्या एकीनं घ्यावं आणि ते वहीत लिहावं. पातळी कमी झाली की विचारावं, पाणी गेलं कुठं? आमच्या वहीत आता पिग्मीच्या हिशेबाखाली गाडीच्या पाण्याचा रकाना आहे. जाऊबाई तो भरतात. मागच्या वेळी माळशेज उतरताना बाहेर दाट धुकं होतं आणि काच आतून लख्ख होती. हीटरची ऊब पायाला लागत होती. जाऊबाई म्हणाल्या, "मोती असता तर याच गाडीखाली झोपला असता."

बरं तर मग, निघते. गाडीचं पाणी बघा आणि घमेलं झाका. नमस्कार.